वरची बारा मिनिटं

१

सकाळी साडेसहाला कंपनीची बस बिरवाडीच्या नाक्यावर यायची. हर्षद डबा घेऊन जिना उतरला की श्रुतिका गॅलरीत उभी राहून बस वळणाआड जाईपर्यंत बघायची आणि मग घरात यायची. केर, भांडी, कपडे. औद्योगिक वसाहतीतला नाकात बसणारा वास सकाळच्या वाऱ्यानं इकडे यायचा, म्हणून कपडे पुढच्या बाजूला न घालता मागच्या दोरीवर. दहाच्या सुमारास ती केस विंचरून, टिकली सारखी करून बाहेरच्या खोलीतल्या टेबलासमोर बसायची आणि कॅमेरा लावायची.

कॅमेरा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. लॉकडाऊनमध्ये तिनं मुलांच्या शिकवण्या घ्यायचं मनावर घेतलं होतं, तेव्हा हर्षदनं जुन्या कॉम्प्युटरबरोबर आणलेला, काडेपेटीएवढा. शिकवण्या चार महिन्यांत बंद पडल्या, कॅमेरा राहिला. त्यात तिच्या मागची अर्धी खोली, स्वयंपाकघराची चौकट आणि ओट्याचा एक कोपरा दिसायचा. बाहेरचं दार कॅमेऱ्याच्या पाठीमागं, त्यामुळे ते कुणाला दिसायचं नाही.

ती तिथं बसून पावट्याच्या शेंगा सोलायची, तांदूळ निवडायची, आमटीला फोडणी द्यायला उठायची, परत येऊन बसायची. मनात येईल ते बोलायची. आणि ते बघायला माणसं यायची. आधी दहा-बारा, मग शंभर, मग रोजची चारशे. बहुतेक सगळी इकडून मुंबईला गेलेली. कुणी विरारला खोली करून एकटा, कुणी सुनेच्या घरात दिवसभर गप्प बसलेली. ठाण्याच्या एका दवाखान्यात काम करणारी साक्षी नावाची नर्स तर रात्रपाळी करून आली की श्रुतिकाचं लाईव्ह लावून झोपायची. "ताई, तुमच्या भांड्यांचा आवाज आला की मला झोप लागते," असं तिनं एकदा लिहिलं होतं.

श्रुतिका पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावर जन्मली. तिथं ती 'आवडीची तिसरी' होती. आवडीला, म्हणजे तिच्या आईला, मुलगा हवा होता आणि तो चौथा झाला, त्यामुळे तिसरीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. लग्न होऊन इकडे आली तेव्हा ती 'हर्षदची बायको' झाली. चॅनेलला तिनं 'श्रुतिकासोबत' असं नाव दिलं, त्या दिवसापासून माणसं तिला नावानं हाक मारू लागली. मागच्या शिमग्याला महाडच्या बाजारात भाजीवालीनं तिचा हात धरला होता. "तुमी श्रुतिकाताई ना? मोबाईलमदल्या?" म्हणत तिनं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. श्रुतिकानं ती जुडी तीन दिवस वापरली नाही. पाण्यात घालून ठेवली.

२

खालच्या सार्वजनिक नळाला पाणी साडेअकराला यायचं. त्याआधी पाच मिनिटं श्रुतिका म्हणायची, "चला, पाणी यायची वेळ झाली. उद्या बोलू," आणि लाईव्ह बंद करून हंडा उचलायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जेवून ती कमेंट वाचत बसली होती. साक्षीनं लिहिलं होतं, "ताई, आज शेवटी किती वेळ शांत बसलात. बोलला नाहीत तरी बरं वाटलं."

श्रुतिकाला काही उमगलं नाही. तिनं आजचं रेकॉर्डिंग उघडलं. एक तास पंचवीस मिनिटांचं असायला हवं होतं, ते एक तास सदतीस मिनिटांचं होतं. बंद करायला विसरले असेन, ती मनाशी म्हणाली, आणि शेवटाकडे गेली.

स्वतःला निरोप घेताना तिनं बघितलं. ती उठली, हंडा उचलताना कडीचा आवाज झाला, कॅमेऱ्याच्या बाजूनं ती निघून गेली, दार ओढलं गेलं. रिकामी खुर्ची. मागं ओट्यावर झाकून ठेवलेला भात. मग चित्र क्षणभर अडकलं, नेट गेल्यावर अडकतं तसं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा श्रुतिका खुर्चीवर बसलेली होती.

तोच पिवळा ड्रेस. दोन्ही हात मांडीवर. ती समोर बघत होती. कमेंट येत होत्या, त्या ती वाचत होती, कारण तिचे डोळे ओळीवरून सरकताना दिसत होते. पण ती बोलत नव्हती.

परत वर येऊन बसले असेन, श्रुतिकाला वाटलं. आठवत नाही इतकंच.

मग रेकॉर्डिंगमध्ये खालून नळाचा आवाज आला. हंडे सरकले. शेजारच्या पूजाचं हसणं आलं. आणि त्या गलक्यातून, खालच्या ओट्यावरून, स्पष्ट ऐकू येईल असा श्रुतिकाचाच आवाज आला: "पूजाताई, माझा नंबर होता हां, मी आधी हंडा लावलाय!"

खुर्चीवरच्या बाईनं मान किंचित कलती केली. कान देऊन ऐकलं. मग तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण ओठांवरून कळत होतं. ती तेच वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणून बघत होती.

३

"अगं, आवाज मागंपुढं होतो," संध्याकाळी हर्षद म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा बाजूला ठेवून ती बारा मिनिटं पूर्ण बघितली. "तू पाणी भरून वर आलीस, बसलीस. आवाज आधीचा, चित्र नंतरचं. कंपनीतल्या कॅमेऱ्यांचंसुद्धा असंच होतं."

"अहो, पण मी वर आले तेव्हा हंडा कुठाय?"

"आत ठेवला असशील." त्यानं चित्र पुन्हा एकदा मागं नेलं. "पण छान दिसतेस गं इथं. शांत. घरात अशी का नसतेस?"

श्रुतिकानं स्वतःचीच समजूत घातली. घरात एकटं राहून माणसाला असलं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी लाईव्ह संपवल्यावर तिनं कॅमेऱ्याची वायरच उपटली आणि हातात घेऊन खाली गेली. त्या दिवशी रेकॉर्डिंग बरोबर तिच्या निरोपाशी संपलं. वरचं एक मिनिटसुद्धा नाही. तिला इतकं हलकं वाटलं की नळावर ती उगाच हसत राहिली.

पण संध्याकाळी कमेंट बघितल्या तर निम्म्या लोकांचा एकच प्रश्न होता. "शेवटचा भाग कुठे आहे?" एकानं लिहिलं होतं, "ताई, बडबड थोडी कमी केलीत तरी चालेल, शेवटचं शांत बसणंच आम्हाला आवडतं." बघणारे चारशेवरून दोनशेवर आले होते. पुढच्या दिवशी दीडशे.

चौथ्या दिवशी तिनं वायर तशीच ठेवली.

हे तू का केलंस, असं कुणीतरी विचारावं असं तिला नंतर कितीदा वाटलं असेल, पण विचारणारं कुणी उरलं नव्हतं. वायर काढायची की ठेवायची, एवढंच त्या सगळ्यात तिच्या हातात होतं आणि तिनं ती ठेवली. हंडा घेऊन खाली गेली. नळावर कुणाशी बोलली नाही. वर येताना एकेक पायरी मोजून चढली, दारापाशी खाकरली, मग दार ढकललं. खुर्ची रिकामी होती. बसायची जागा मात्र गरम होती. ऊन पडलं असेल, ती म्हणाली. खोलीत त्या वेळी ऊन येत नसे.

बारा मिनिटांची वीस झाली, मग चाळीस. बघणारे दोन हजारांवर गेले. श्रुतिका पाणी भरून झाल्यावर लगेच वर जाईनाशी झाली. पूजाच्या दारात बसायची, नाक्यावर जाऊन यायची. आपण लवकर गेलो तर लोकांचा विरस होईल, असं तिला वाटायला लागलं होतं.

४

मार्चमध्ये पूजा म्हणाली, "श्रुतिका, चल ना माझ्याबरोबर सवच्या कुंडावर. गुडघ्यांनी जीव खाल्लाय. त्या गरम पाण्यात तासभर पाय सोडून बसलं की चार दिवस बरं जातं."

श्रुतिकानं सकाळी दहाला लाईव्ह लावलं, "आज जरा बाहेर जातेय," असं सांगितलं आणि दाराला बाहेरून कुलूप घालून निघाली. किल्ली तिनं पर्समध्ये टाकली. कुलूप ओढून बघितलं. हे तिला नंतर नीट आठवत होतं.

सवच्या कुंडाशी त्या दिवशी गर्दी नव्हती. दोन म्हाताऱ्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. गंधकाचा वास, वाफ, दगडांवरचं हिरवं शेवाळ. पूजा साडी वर खोचून पायरीवर बसली. श्रुतिकानं पाय पाण्यात सोडले आणि फोन काढला.

ती लाईव्ह होती. घरी, खुर्चीवर, तिच्याच जांभळ्या ड्रेसमध्ये. आणि आज ती बोलत होती.

आवाज अगदी तिचा. थोडा खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. ती लहानपणीची गोष्ट सांगत होती. धुक्यात शेळ्या चुकल्या होत्या, सातवं वर्ष होतं, ती पठाराच्या कडेला एका कपारीत बसून राहिली आणि तिला शोधायला कुणी आलंच नाही. सकाळी आपणच घरी गेली तेव्हा आई चुलीशी होती. आईनं विचारलं, शेळ्या आणल्यास काय गो?

श्रुतिकानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. हर्षदलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला कधी वाटलं नव्हतं. फोनवर माणसं रडत होती. "ताई, किती सोसलंत." "ताई, तुम्ही आमच्या आहात."

आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की पुढचं तिला आठवत नाहीये. कपारीत ती रात्र कशी गेली होती? सोबत एक शेळी होती ना? तिचं नाव काय? तिनं खूप ताण दिला. काही येईना. मग फोनमधली बाई म्हणाली, "एक शेळी होती माझ्याजवळ, चांदी. तिच्या पोटाशी हात घालून बसले." आणि श्रुतिका मनात म्हणाली, हो, चांदी. ऐकल्यावर म्हणाली. आधी नाही.

"हे काय गो, स्वतःलाच बघतेस?" पूजा वाकून बघत होती. "कधीचं हे?"

"जुनं आहे," श्रुतिका म्हणाली.

"होय? ड्रेस तर आजचाच दिसतो."

"जुनंच आहे, पूजाताई." तिनं पाय पाण्यातून काढले. गरम पाण्यातून काढलेले पाय, पण ते थंडगार होते. "मला घरी जायचंय."

५

बिरवाडीच्या नाक्यावर उतरून पूजा दळण आणायला गेली. श्रुतिका एकटीच घराकडे निघाली. बाराचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तिनं ठरवलं होतं, आज कॅमेरा फोडायचा. चॅनेल बंद. पुन्हा 'हर्षदची बायको' तर 'हर्षदची बायको'. हातात फोन होता आणि त्यावर लाईव्ह चालूच होतं.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली. लाईव्ह चार-पाच सेकंद मागं असतं, हे तिला माहीत होतं. ती सात-आठ पायऱ्या चढली तेव्हा फोनमधली बाई बोलता बोलता थांबली. कॅमेऱ्याच्या वरून, मागं बघायला लागली. दाराकडे.

तिचा चेहरा भ्यालेला होता.

"काय झालं ताई?" कमेंट आल्या. "कोण आलंय?" "ताई, दार लावलंय ना?"

फोनमध्ये पायऱ्यांवर पावलं वाजली. श्रुतिका थांबली. काही सेकंदांनी फोनमधली पावलंही थांबली. बाई खुर्चीवरून हळूच उठली, कॅमेऱ्याच्या बाजूनं दिसेनाशी झाली, आणि वर, खऱ्या दाराच्या आतून, कडी सरकल्याचा आवाज श्रुतिकाच्या कानांनी ऐकला.

कुलूप सकाळी घातलं तसंच होतं. तिनं ते काढलं, दार ढकललं. दार हललं नाही.

तिनं मूठ आपटली. "कोण आहे आत? दार उघड!"

चार सेकंदांनी फोनमधून तिच्या हाताची थाप आली, मग आवाज आला. तिला वाटलं होतं, निदान आवाज तरी माणसांना ओळखू येईल. रोज ऐकतात. पण तो फाटका, घोगरा, कुणा अनोळखी बाईचा आवाज होता. असा आवाज आपल्या दारावर आला असता तर आपणही उघडलं नसतं, असं तिला वाटून गेलं.

"मी श्रुतिका आहे!" ती ओरडली. "माझं घर आहे हे! अहो, मी आहे, मी!"

कमेंट इतक्या भरभर येत होत्या की वाचता येईनात. "ताई उघडू नका." "कोण वेडी बाई आहे." "ताई, शेजाऱ्यांना हाक मारा." साक्षीनं लिहिलं होतं, "ताई, आम्ही सगळे आहोत तुमच्यासोबत, घाबरू नका."

श्रुतिका गुडघ्यांवर बसली आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला.

आतली फरशी. टेबलाचा पाय. आणि अगदी जवळ, फटीपासून वीतभर अंतरावर, दोन पावलं. जोडवी घातलेली. बोटं दाराकडे. ती बाई दाराला अंग लावून उभी होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, लहान, घाबऱ्या पोरीसारखा. मग उजव्या पावलाची बोटं आत वळली, श्रुतिका अवघडली की वळतात तशी.

ती किती वेळ तिथं होती, तिला सांगता आलं नाही. पूजा दळण घेऊन आली तेव्हा ती जिन्यात बसली होती. पूजानं पाणी दिलं, हर्षदला फोन लावला. तो साडेतीनला आला. त्यानं दाराला नुसता हात लावला आणि दार सहज उघडलं. कडी काढलेली होती. खोलीत कुणी नव्हतं. कॅमेरा बंद होता. ओट्यावर भात झालेला होता, त्यावर झाकण, आणि झाकणावर अजून वाफ.

"तूच ठेवून गेली होतीस," हर्षद म्हणाला. त्यानं तो भात खाल्ला.

६

कॅमेरा त्यानं पिशवीत घालून माळ्यावर टाकला. डॉक्टरांकडे नेलं, झोपेच्या गोळ्या आणल्या. कामावरून आला की तो तिच्याजवळ बसायचा, काय हवं-नको विचारायचा. पण मध्येच तो तिच्याकडे असा बघत राहायचा, जणू ओळखीचा चेहरा कुठं पाहिलाय ते आठवत नसावं.

चॅनेल बंद करायला श्रुतिकानं फोनवर पासवर्ड टाकला. तो चुकीचा होता. पुन्हा टाकला. जन्मतारीख विचारली, ती टाकली. 'ही माहिती जुळत नाही.'

शुक्रवारी महाडच्या बाजारात गेली तेव्हा त्याच भाजीवालीसमोर उभी राहिली. तिनं वांग्यांचा भाव विचारला, पण बाई वर बघून हसली नाही. शेजारणीला हलकेच म्हणाली, "आवाज तोच नाय काय गो? ताईच्या दारावर आलेलीचा?" शेजारीण म्हणाली, "जाऊ दे, बिचारी." दोघींनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. दोन वांगी, एक कोबी पिशवीत घालून दिला आणि लवकर जायची खूण केली.

"आठ दिवस आईकडं जाऊन ये," हर्षद म्हणाला. "वरची हवा लागेल. तिथं घरात रेंज येत नाही, फोनची कटकट नाही. बरी होशील."

त्यानं स्टँडवर एसटीत बसवून दिलं. खिडकीतून पाण्याची बाटली दिली, डोक्यावर हात ठेवला. बस सुरू होताना श्रुतिकानं मागं बघितलं. तो फोनवर बोलत होता, आणि बऱ्याच दिवसांत दिसलं नव्हतं असं हसू त्याच्या तोंडावर होतं. "हो, बसवलं," तो म्हणत होता. "आलोच. जेवायला थांब."

माझ्या आईशी बोलत असेल, तिला वाटलं. आईला तो जेवायला थांब कशाला म्हणेल, हे पोलादपूर गेल्यावर तिच्या मनात आलं, आणि तोवर गाडी चढाला लागली होती.

७

आवडी अंगणात नाचणी वाळत घालत होती. भागोजी, श्रुतिकाचा बाप, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि भाऊ मुंबईला. घरात आवडी एकटीच. तिनं पदराला हात पुसले. "आलात? या. उन्हाच्या आलात. बसा."

"आये, पाव्हणी झाले काय मी?" श्रुतिका हसली.

आवडीही हसली. तिनं गूळ-पाणी आणलं. हर्षदनं सांगितलं असेल जपून बोलायला, असं श्रुतिकानं धरलं.

तीन दिवस खरंच बरे गेले. पठारावर वारा होता, पेरणीआधी राब भाजायला तोडलेल्या फांद्यांचे भारे शेतात पडले होते, लांब कुठंतरी कुऱ्हाड वाजायची. आवडी तिला आधी वाढायची, भाकरीवर तुपाचा गोळा ठेवायची, चांगली गोधडी अंथरायची. आईनं एवढे लाड कधी केले नव्हते. श्रुतिकाला गोळीशिवाय झोप लागली. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली: आईनं तीन दिवसांत तिला नावानं हाक मारली नव्हती.

आवडी रोज दुपारी तासभर कुठंतरी जायची. चौथ्या दिवशी श्रुतिका मागोमाग गेली.

कड्याच्या कडेला एक जांभळीचं झाड होतं. तिथंच काय ती रेंज यायची. आवडी दगडावर बसून फोन हातभर लांब धरून बोलत होती. श्रुतिकानंच तिला दिवाळीत घेऊन दिलेला फोन.

"जेवलीस काय गो बाय?"

"जेवले गो आये," फोनमधून श्रुतिकाचा आवाज आला. "ती बरी हाय ना तिकडं?"

"बरी हाय. गुणाची हाय. काय सांगाय लागत नाय, आपणच काम करते. पण बोलते अगदी तुझ्यासारखी गो. ऐकून अंगावर काटा येतो."

"रोज बघून बघून शिकली असंल," आवाज म्हणाला. "ऱ्हाऊ दे तिला. कुटं जाईल बिचारी? तिचं कोण नाय."

श्रुतिका जांभळीआडून एक पाऊल पुढं आली. आईच्या खांद्यावरून तिला फोन दिसला. बिरवाडीची खोली. मागं जमिनीवर हर्षद ताटावर बसला होता, पाठमोरा, मान खाली घालून खात होता. आणि पुढं एक चेहरा, जो आवडीकडे बघत नव्हता. आवडीच्या मागं, थेट जांभळीकडे बघत होता. त्यात राग नव्हता, कपट नव्हतं. दारात आलेल्या भिकारणीला काय द्यावं, असं ठरवताना असतो तसा तो होता.

"आये, मागं बघ," फोनमधली म्हणाली. फोन बंद झाला.

आवडी वळली. "या की. लपून कशाला उभ्या?"

"आये." श्रुतिका पुढं झाली. तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली. "हे बघ. कोयतीची खूण. तुझ्याच हातातली कोयती लागली होती, मी पाच वर्षांची होते. तूच हळद भरलीस. आठवतंय ना?"

आवडीनं तो हात दोन्ही हातांत धरला. अंगठ्यानं खूण चाचपली. तिचे डोळे भरून आले आणि श्रुतिकाला वाटलं, झालं, सुटले.

"श्रुतीला बी हाय अशी," आवडी म्हणाली. "ह्याच जाग्यावर." तिनं बाही मायेनं खाली ओढली. "नका रडू. चला, नाचणी पाखडायची हाय."

श्रुतिका तिच्यामागून चालू लागली. दुसरीकडे जायला वाट नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला गाव, आणि गावातून खाली जाणारी एसटी पुन्हा त्याच दारापाशी नेणारी. चालता चालता तिनं लहानपणची एक तरी गोष्ट आठवून बघितली, जी त्या बाईनं अजून सांगितलेली नसेल. बहिणींची नावं आली. शाळेचं पत्र्याचं छप्पर आलं. पण बाप कशी हाक मारायचा, ते आलं नाही.

अंगणात आवडी सूप घेऊन बसली. वारा बरा होता, कोंडा उडून जात होता.

"तुमचं नाव काय गो?" तिनं विचारलं. "इतके दिस झाले, इचारायचंच ऱ्हायलं."

श्रुतिकानं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. पण ते उच्चारलं असतं तर त्या म्हातारीच्या तोंडावर काय उमटलं असतं, ते तिनं बाजारातल्या दोघींच्या तोंडावर पाहिलं होतं, आणि निजायला दुसरं घर नव्हतं.

"दिशा," ती म्हणाली. पहिलं आलं ते.

"बरं नाव हाय," आवडी म्हणाली, आणि दुसरं सूप तिच्याकडे सरकवलं.